ताईला, देजॉनहून

देजॉन (दक्षिण कोरिया), रविवार

ती. ताईस,
सा. न.

'द ग्लोरी' या कोरियन मालिकेचे सोळाही भाग सलग पाहिलेस आणि वर मलाच दटावतेस, 'असल्या देशात कशाला राहतोस?' म्हणून! केस कुरळे करायच्या तापलेल्या यंत्राने शाळेतली पोरं त्या दोंग-उनला चटके देतात, तिथे आई उठून आत गेली म्हणालीस. मलाही ते बघवलं नव्हतं. पण ते निव्वळ मनचं नाही गं. २००६ साली च्यॉन्जूच्या एका मुलींच्या शाळेत असंच घडलं होतं. मालिका आली तशी इथल्या वर्तमानपत्रांनी ती बातमी पुन्हा वर काढली.

तुला त्या पोरांची म्होरकी योन-जिन हिचा राग आला. मला त्या वर्गशिक्षकाचा आला. शाळा सोडताना कारणाच्या जागी दोंग-उन छळणाऱ्यांची नावं लिहिते, तर हा तिलाच बडवतो. सख्खी आई पैसे घेऊन कागदावर सही करून मोकळी. शाळेच्या एक नर्सबाई सोडल्या तर मोठ्या माणसांपैकी कुणी तिच्या बाजूने उभं राहत नाही. पोरं क्रूर असतात, तू तुझ्या शाळेत रोजच बघतेस. पण त्यांना कुणी काही करणार नाही, ही खात्री त्यांना मोठ्यांनीच दिलेली असते. म्हणून तर दोंग-उन गिरणीत राबून, आपल्याकडे १७ नंबरचा फॉर्म भरतात तशी बाहेरून परीक्षा देऊन, शेवटी सूड उगवायला शिक्षिकाच होते आणि योन-जिनच्याच लेकीची वर्गशिक्षिका म्हणून उभी राहते. हा डाव लेखिकेने फार हुशारीने टाकलाय. (तो प्रेमात पडलेला डॉक्टर नसता तरी चाललं असतं, हे माझं मत.) दोंग-उनला मदत करणाऱ्या ह्योन-नामबद्दल मात्र तुझं माझं एकमत. नवऱ्याचा मार खाऊनही 'मी आनंदी बाई आहे' म्हणते, तेव्हा हसावं की रडावं कळत नाही.

लेखिका किम उन-सुक यांना त्यांच्या मुलीने विचारलं होतं: मी कुणाला मरेस्तोवर मारलं तर तुला जास्त दुःख होईल, की मला कुणी तसं मारलं तर? मालिका त्यातून सुचली, असं त्यांनीच सांगितलंय.

खरी गंमत, म्हणजे गंमत कसली, पडद्याबाहेर झाली. मार्च २०२३ मध्ये मालिकेचे शेवटचे आठ भाग आले त्याच दिवशी दिग्दर्शक आन गिल-हो यांच्यावरच आरोप झाला, की १९९६ मध्ये फिलिपिन्सला शिकत असताना त्यांनी लहान मुलांना मारहाण केली होती. आधी नाही म्हणाले, मग दोनच दिवसांत वकिलामार्फत माफी मागितली. त्याच्या थोडं आधी पोलिसांच्या राष्ट्रीय तपास विभागाचा प्रमुख म्हणून एका माजी सरकारी वकिलाची नेमणूक झाली आणि दुसऱ्याच दिवशी ती रद्द करावी लागली. त्याच्या मुलाने वसतिगृहातल्या सोबत्याला छळलं होतं, शाळेने बदलीची शिक्षा दिली, तर बापाने ती टाळायला सर्वोच्च न्यायालयापर्यंत खटला लढवला. तिथे हरला, पण पोरगा सोल राष्ट्रीय विद्यापीठात पोचलाच! लोक भयंकर चिडले. एप्रिलमध्ये सरकारने ठरवलं, की गंभीर छळाची नोंद शाळेचं शिक्षण पूर्ण झाल्यावर दोनऐवजी चार वर्षं राहील आणि २०२६ च्या प्रवेशांपासून सगळ्या विद्यापीठांत ती धरली जाईल.

माझा इथला सहकारी, दोन मुलांचा बाप, यावर फारसा खूश नाही. नोंदीने प्रवेश अडतो म्हटल्यावर पैसेवाले आईबाप पहिल्या तक्रारीलाच वकील उभा करतात, म्हणतो. योन-जिनच्या आईने दुसरं काय केलं असतं?

तुझ्या शाळेत तक्रारपेटी आहे ना? तिची किल्ली कुणाकडे असते आणि ती उघडताना तिथे कोण कोण असतं, ते पुढच्या वेळी नक्की सांग.

आईला शेवटचे भाग तरी दाखव. टीव्हीवर ऐटीत हवामान सांगणाऱ्या योन-जिनला तुरुंगातल्या बायका हवामानाचा अंदाज सांगायला लावतात, ते तिला नक्की आवडेल.

तुझा,
बाळू