विषय सुचत नाहीत म्हणालास म्हणून

चि. बाबू यास,

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालास ना की न्यूजलेटरला विषयच सुचत नाहीत, सगळं लिहून झालं, आणि मग जरा थांबून म्हणालास की बाबांच्या आजारपणावर लिहायचं डोक्यात आहे, तेव्हा मी गॅसवर दूध आहे म्हणून फोन ठेवला. दूधबिध काही नव्हतं. पटकन काय बोलावं सुचेना एवढंच. आणि बाबा इथेच पडवीत असतात, त्यांना कमी ऐकू येत नाही, येत नाही असं फक्त दाखवतात. म्हणून हे टाईप करतेय. तुझ्या मावशीने बोलून टाईप करायचं शिकवलंय पण आपल्या कौलांवर पाऊस लागला की तो फोन भलतंच काहीतरी लिहितो, तेव्हा एकेक अक्षर दाबत बसलेय.

आधीच सांगते, बाबांबद्दल मी यात काही लिहिणार नाही. न्यूजलेटर तुझं, नाव तुझं, तुला वाटेल ते लिही. मी फक्त विषयांबद्दल बोलणार. दर रविवारी सकाळी चहा उकळेपर्यंत मी तुझा मेल उघडलेला असतो, तेव्हा तेवढा हक्क मला आहे असं धरून चालते.

तो एआयकडून ऑफिसची कामं कशी करून घ्यायची वाला अंक मी अर्ध्यावर सोडला. वाईट नव्हता रे, पण तो कोणीही लिहिला असता, ठाण्यात बसून, बंगळूरला बसून, कुठेही. आणि ती वर्षभरात वाचलेल्या पुस्तकांची यादी, त्यातली निम्मी इथे माळ्यावर कोरी करकरीत पडली आहेत, मी परवाच धूळ झटकली. असो.

विजयदुर्गवाला अंक मात्र एक नंबर. तो मी आमच्या निवृत्त शिक्षकांच्या ग्रुपवर टाकला आणि दोन दिवस तिथे गुड मॉर्निंगची फुलं बंद होती, नुसती चर्चा. हेलियमचा शोध आपल्या किल्ल्यावर लागला, लॉकियर नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञ साहेबाने १८ ऑगस्ट १८६८ चं ग्रहण तिथल्या साहेबाच्या कट्ट्यांवरून बघितलं, हे इथे शेंबडं पोरसुद्धा सांगतं. आणि तू नीट शोधून लिहिलंस की त्या ग्रहणाला जान्सेन नावाचा फ्रेंच माणूस तिकडे गुंटूरला होता, लॉकियर तेव्हा इंग्लंडमध्येच होता, त्याने सूर्याच्या उजेडातली ती पिवळी रेघ, जिच्यावरून हेलियम ओळखला, त्याच वर्षी ऑक्टोबरात तिकडूनच पाहिली, ग्रहण नसताना, आणि विजयदुर्गला तो खरोखर आला तो २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. तीस वर्षांनी! तोवर रॅम्झेने १८९५ मध्ये हेलियम पृथ्वीवर पण शोधून काढलेला. म्हणजे साहेब आला हे खरं, किल्ल्यावरून ग्रहण बघितलं हे खरं, फक्त ग्रहण दुसरं. मला हे फार आवडलं, की तू गावाला खोटं पाडलं नाहीस, नुसती तारीख दुरुस्त करून दिलीस.

बाबांनी वाचलं आणि घुश्शातच. सातवीत असताना त्यांनीच तुला राजदूतवर पाठी बसवून तिथे नेलं होतं आणि ती हेलियमची गोष्ट सांगितली होती ना. "मुंबयक पाठवलंय ता माझ्याच चुका काढूक?" म्हणाले आणि वर निघून गेले. संध्याकाळी मी भाजी आणायला स्टँडवर गेले तर हे चहाच्या टपरीवर उभे, भोवती चारपाच जण, आणि हात उंच करून सांगतायत, "माझ्या झिलान शोधून काढल्यान, अठराशे अठ्ठ्याण्णव!" तेव्हा तो हात जराही हलत नव्हता. किंवा हलत असेल, मी तेव्हा बघत नव्हते.

बघ, आलेच बाबा. तर विषय.

खाजकुयलीवर लिही. बांधावर वेल आत्ता भराभर चढायला लागलेत. शेंगांवरची ती कुसं, शाळेत कोणाच्या ना कोणाच्या शर्टात टाकायची, आणि मग तो पोरगा अंगाला शेण फासून घरी जायचा, तू पण गेलायस एकदा आणि आजीने तुला मागच्या दारीच अडवून ठेवलं होतं. आणि त्याच वेलाच्या बियांमध्ये लेवोडोपा नावाचं द्रव्य असतं, ठाऊक आहे? आपल्याकडच्या वैद्यांनी ते बी कंपवाताला वापरलेलं आहे आणि आजच्या गोळीत पण तेच द्रव्य. अर्थात कोल्हापूरच्या डॉक्टरांनी बजावलं आहे की परस्पर बी कुटून घ्यायचं नाही, बियांत किती असेल याचा काही नेम नाही, गोळीत मोजून असतं. आणि गोळी जेवणाच्या आधी, रिकाम्या पोटी, कारण मासे, डाळ, अंडी असलं काही बरोबर गेलं की ती नीट शोषली जात नाही, अंगाला पुरती लागत नाही. सध्या मासेमारीला पावसाळी बंदी आहे म्हणून बरं आहे, ताटात सुकट नाहीतर कुळथाची पिठी, पण १ ऑगस्टला ट्रॉलर सुटले की बांगडा आणि गोळी यांत रोज भांडण लागणार आहे आणि बांगडाच जिंकणार आहे.

मी खाजकुयलीबद्दल सांगत होते.

दुसरा विषय, नेपाळी लोक. आपल्या तालुक्यातल्या बागा कोण सांभाळतं? पाऊस संपला की ते येतात, कुटुंबं घेऊन, कलमांत खोपी करून राहतात, फवारणी, राखण, काढणी, भरणी सगळं करतात आणि हंगाम संपला की जातात. देवगड हापूस म्हणून पेटीवर छापायचं, २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं म्हणून पेढे वाटायचे, आणि तो आंबा झेल्याने उतरवणारा कोण, त्याचं गाव कुठलं, हे कुणी विचारत नाही. त्यांच्या पोरांनी माझ्याकडे बाराखडी गिरवलीय. एक मुलगी तर इतकी फर्मास मालवणी बोलायची की दशावतारात उभी केली असती. यावर लिही, पण हंगामात ये, चार दिवस त्यांच्याबरोबर राहा, आणि त्यांना विचारून लिही. न विचारता नाही. आपल्या घरचं कोणी चव्हाट्यावर मांडलं तर जसं वाटेल तसंच त्यांना वाटतं.

तिसरा, कुडोपीची कातळशिल्पं. युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत २०२२ पासून आहेत, रत्नागिरीकडच्या बारसू, उक्षी, कशेळी वगैरेंच्या जोडीने. सगळे ड्रोनने वरून फोटो काढतात. तू सड्यावर, त्या कातळाच्या माळावर, ढोपरं टेकून बस आणि खाचेत बोट फिरवून बघ, मग लिही. मुंबई-गोवा हायवेवर मात्र नको, ते रडगाणं सगळेच गातात.

आता कल्टारचं, म्हणजे मोहोर यावा म्हणून कलमांच्या मुळाशी घालतो त्या औषधाचं. तूच फोनवर विचारलंस बागेत काय चाललंय म्हणून सांगते. गेल्या आठवड्यात उघडीप मिळाली तशी बाबा निघाले, मी पाणी घेऊन पाठी. कलमाच्या पसाऱ्याच्या व्यासाला मीटरमागे ३ मिली, म्हणजे आठ मीटर व्यास असेल तर २४ मिली, हे तुला माहीतच आहे, जास्त झालं तर झाडाला मार बसतो. बाबांनी बाटली तिरकी केली आणि धार मापाच्या पेल्याच्या कडेवर, मग आत, मग परत बाहेर. डाव्या हाताने उजवं मनगट धरलं. तरी तेच. मग पेला जांभ्याच्या गडग्यावर ठेवला, कोपर दगडाला टेकवलं, श्वास धरला आणि बरोबर २४ वर आणून थांबवलं. गड्याने आभाळाकडे बघितलं, आता सर येईल म्हणाला. सर कसली, ऊन होतं. मग प्रत्येक कलमाला तसंच, आधी टेकायला दगड शोधायचा आणि मग बाटली उघडायची.

हे वाचून तू लगेच लिहायला घेशील, ओळखते मी तुला, म्हणून सांगते, हे लिहायचं नाही. हे मी मुलाला सांगितलं, न्यूजलेटरला नाही.

तू म्हणालास की घरचं लिहिलं की लोक जास्त उघडतात, आजीवरचा अंक सगळ्यात जास्त उघडला गेला, तुझ्याकडे तो आकडा दिसतो. तो आकडा बघून विषय निवडणार असशील तर मला भीती वाटते. आजी गेली होती, तिला काही फरक पडणार नव्हता. बाबा आहेत. ते तुझा मेल वाचतात माझ्याच फोनवर, चष्मा कपाळावर चढवून. आणि नुसतं वाईट वाटण्याचं नाही, व्यवहार पण आहे. तुझा चुलतभाऊ दर अंक वाडीच्या ग्रुपवर फॉरवर्ड करतो, अभिमानानेच करतो बिचारा, पण तिथून तो कुठे कुठे जातो. बागायतदार आजारी आहे म्हटलं की कलमं कराराने मागायला येणाऱ्याच्या तोंडचा आकडा बदलतो, भाव पाडायला त्यांना काय, निमित्तच हवं असतं. वाशीच्या बाजारात पण कळायला वेळ लागत नाही. तुला बागेतलं काही नको आहे हे मला माहीत आहे, त्यावरून भांडायचं नाही आता, पण जोवर आहे तोवर ती आमची भाकरी आहे.

मला वाटतं विषय निवडताना माणसाने बघावं की यात दुखणार कोणाला, आणि ज्याला दुखणार त्याला आपण समोर बसून वाचून दाखवू शकतो का, नसेल तर मग तो विषय डायरीत लिहावा, डायरी काय कमी प्रतीची असते का, सगळंच काय लोकांना वाटायला हवं, हल्ली जो तो उठतो आणि आईच्या ऑपरेशनचे फोटो... झालं, सुरू झालं माझं. शाळा सुटली तरी बाई काही सुटत नाही असं बाबा म्हणतात ते यालाच. रागावू नकोस. भाषण मागे घेते. निदान अर्धं.

आणि ते एकच विषय पकड असं तुझे मित्र सांगतात ते मला पटत नाही. दर ६ जानेवारीला मुलांना घेऊन आम्ही पोंभुर्ल्याला जायचो, बाळशास्त्री जांभेकरांच्या गावाला. त्यांनी १८३२ मध्ये 'दर्पण' काढलं तेव्हा वय जेमतेम वीस, एका बाजूला इंग्रजी, एका बाजूला मराठी, आधी पाक्षिक मग साप्ताहिक, १८४० पर्यंत चालवलं. हा माणूस गणित शिकवायचा, जुने शिलालेख वाचायचा, विधवांच्या प्रश्नावर लिहायचा, आणि १८४५ मध्ये ज्ञानेश्वरी छापून काढली. त्याला कोणी विचारलं नाही की तुमचा नक्की विषय काय.

आता खरं सांगते. तुला लिहावंसं का वाटतं ते मला कळतं. मे महिन्यात पेट्यांची वही चाळताना तूच म्हणालास की आई, बाबांचं अक्षर बघ. मी रोज बघत होते, मला दिसलं नाही. २०१९ च्या वहीत 'वाशी, ५ डझनी, ४० पेट्या' एका ओळीत मावत नव्हतं, आणि यंदा तेच अर्ध्या ओळीत, शेवटी शेवटी तर मुंगीएवढं. हाताचा कंप त्यानंतर आपल्या लक्षात आला. डॉक्टर वहीची दोन्ही पानं बघून म्हणाले की हे कोणी हेरलं, लवकर आलात. मी तेव्हा तुझ्याकडे बघितलं नाही कारण मला रडू आलं असतं, पण त्या दिवसापासून मी मावशीला, काकीला, सगळ्यांना सांगते की बाबूने ओळखलं, डॉक्टरच्या आधी. तेव्हा ती वही तुझी पण आहे थोडी. नाही असं मी म्हणत नाही.

पण मला विचारू नकोस. बाबांना विचार. फोनवर नको, फोनवर ते "माका काय जाला हा?" म्हणून उडवून लावतील. गणपतीत ये, संध्याकाळची आरती झाली की ते पडवीत एकटे बसतात, तेव्हा विचार. नको म्हणाले तर नको. हो म्हणाले तर छापायच्या आधी त्यांना पूर्ण वाचून दाखव, आणि ते तारखा तपासतील, तुझी १८९८ अजून पचलेली नाही त्यांना. मला मधे घालू नकोस, मी त्या दिवशी मोदकांत असेन.

रेल्वेचं बुकिंग आता ६० दिवस आधी सुटतं, सकाळी ८ ला बस लॅपटॉपवर, ८ वाजून ५ मिनिटांनी गणपतीच्या गाड्यांना वेटिंग लागतं. कोकणकन्या मिळाली तर बघ, कणकवलीला सकाळी दादा गाडी घेऊन येईल. येत्या रविवारी खाजकुयली लिहिलीस तर त्यात गोळीचं नाव नको.

तुझी
आई

ता. क. सोलं आणि कुळथाचं पीठ शेजारच्या वहिनींच्या भावाबरोबर पाठवलंय, तो शनिवारी ठाण्याला उतरेल, अनोळखी नंबर म्हणून फोन कट करू नकोस. स्टीलचा डबा येताना परत आण, तो सेटमधला आहे.