बाळंतपण इथंच करायचं ठरलंय

सोलापूर

ती. आई-बाबांस सा. नमस्कार.

फोनवर हा विषय निघाला की आई गप्प होते आणि बाबा पाऊसपाण्याचं बोलायला लागतात, म्हणून लिहून पाठवतेय. बाळंतपणाला मी मंगळवेढ्याला येत नाही. इथंच होऊ दे. सासूबाईंनी भरीला घातलेलं नाही, आई, ते आधी मनातून काढ. पहिलं बाळंतपण माहेरी, हे माझ्याही मनात होतंच की. पण सहाव्या महिन्यात बीपी १४०/९०च्या वर जायला लागलं. लॅबेटॅलॉलची गोळी चालू केल्यापासून आटोक्यात आहे, लघवीत प्रोटीनही आलेलं नाही. तरी डॉक्टर म्हणाल्या, हे कधी बिघडेल सांगता येत नाही. डोकं ठणकलं, डोळ्यांपुढं चमकलं, बरगडीखाली दुखलं, तोंड-हात एकाएकी सुजले तर सकाळची वाट बघायची नाही. तिकडून रात्री-अपरात्री गाडी शोधून पन्नासेक किलोमीटर यायचं, आणि इथं दवाखाना रिक्षानं जाण्याइतका जवळ. रक्त लागलं, बाळाला काचेच्या पेटीत ठेवायची वेळ आली, तरी धावाधाव नको. सगळं ठीक राहिलं तरी ३७ आठवडे भरले की कळा आणायच्या का, ते बघणार आहेत. आक्काच्या वेळचं तुम्हाला मी सांगायला नको.

बाकी माझी काही आबाळ नाही. कूलर लावलाय, दुपारी डाव्या कुशीवर छान झोपते. सकाळ-संध्याकाळ बीपी बघतो. आधी पाच मिनिटं पाठ टेकून बसायचं, पाय जमिनीला, दंड छातीच्या उंचीला, आणि मशीन चालू असताना बोलायचं नाही. तेवढा वेळ माझं तोंड बंद, याचंच ह्यांना कौतुक! आकडे वहीत लिहितो.

आई, अळणी खात नाही गं. मीठ सोडायला कुणी सांगितलेलं नाही, फक्त लोणचं, पापड आणि वरून मीठ नको. शेंगाचटणी चिमूटभर घेते. तुझ्या हातची नसली की तेवढी पुरते.

आणि बाबा, तुमच्या बीपीच्या गोळीतली अर्धी घेऊन बघ म्हणालात ना, काळजीपोटीच म्हणालात, पण टेल्मिसार्टन गरोदरपणात अजिबात चालत नाही, बाळाच्या किडनीला बाधते. तुमची तुम्हीच घ्या. रोज घ्या. बरं वाटतंय म्हणून परस्पर बंद करायची नाही.

आई, मला अजून ताप आला की तुझा पदर तोंडावर ओढून झोपावंसं वाटतं. तू जवळ नसताना मला जमणार आहे का? म्हणून आठवा सरत आला की तूच इकडं ये. सकाळच्या एसटीनं निघ, दुपारच्या उन्हात नको. डिंकाचे लाडू आत्ता करू नकोस, मागाहून कर. बाबांनी शनिवार-रविवार यावं, मधले दिवस काकूकडं जेवावं, नुसत्या चहा-बिस्किटांवर राहू नये. बारसं मात्र तिकडंच करायचं. माळ्यावरचा पाळणा काढून त्याच्या कड्या बघून ठेवा, आणि बाबा, माळ्यावर स्वतः चढू नका.

तुमची
ठकी

ता. क. ज्वारी दळून आणू नका, गिरणी आमच्या खालीच आहे. आईच्या गुडघ्याचं तेल मात्र आठवणीनं पिशवीत टाका.