चाळीस लाखांची पाटी आली कुठून?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

'ऑशविट्झच्या स्मारकावर ४० लाखांची पाटी होती, ती काढून १५ लाखांची लावली. म्हणजे ६० लाख ज्यूंच्या आकड्यातून २५ लाख वजा करा,' असा मजकूर सध्या जळगाव-धुळ्याकडच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर फिरतो आहे. ऑशविट्झ म्हणजे नाझी जर्मनीने व्यापलेल्या पोलंडमधली संहारछावणी. तिथली पाटी बदलली हे खरे. वजाबाकी खोटी.

४० लाख हा आकडा १९४५च्या सोव्हिएत चौकशी आयोगाचा. आयोगाने माणसे मोजली नव्हती. दाहभट्ट्यांची क्षमता धरली, त्या किती महिने चालल्या ते पाहिले आणि गुणाकार केला. अशा गणितात वापराचा अंदाज थोडा जरी चुकला तरी उत्तर लाखांनी फुगते. साम्यवादी पोलंडमध्ये तोच आकडा पाटीवर राहिला आणि १९९०मध्ये उतरला. पण इतिहासकार राउल हिलबर्ग यांनी १९६१मध्येच ऑशविट्झमधील ज्यू मृतांची संख्या सुमारे १० लाख दिली होती. ६० लाखांच्या आसपासचा एकूण अंदाज देशोदेशीच्या युद्धापूर्वीच्या व नंतरच्या लोकसंख्येवरून आणि खुद्द जर्मन कागदपत्रांवरून निघतो. त्यात ४० लाख कधी धरलेच नव्हते, मग वजा करायचे कशातून?

ऑशविट्झ संग्रहालयाचे इतिहासकार फ्रान्सिशेक पिपर यांनी भट्ट्यांचा नाद सोडून आगगाड्या मोजल्या. हंगेरीतून सुमारे ४ लाख ३० हजार ज्यू, पोलंडमधून ३ लाख, फ्रान्समधून ६९ हजार, हॉलंडमधून ६० हजार, ग्रीसमधून ५५ हजार, अशी देशवार बेरीज ११ लाखांवर जाते. पोलिश लोक, रोमा (जिप्सी) आणि सोव्हिएत युद्धकैदी धरले की १३ लाख. दुसऱ्या छावण्यांत हलवलेले, सुटलेले, पळालेले असे साधारण २ लाख वजा केले की मृत ११ लाख. त्यांत ज्यू सुमारे १० लाख. छावणीच्या दप्तरी नाव-क्रमांक मिळाले ते जेमतेम ४ लाख लोकांना. बाकीच्यांपैकी बहुतेकांना गाडीतून उतरवून थेट वायुकक्षात नेले, त्यांची तिथे नोंदच झाली नाही. फक्त नोंदवही दाखवून 'एवढेच मेले' म्हणणारे नेमकी हीच गोष्ट गाळतात.

कागदही चुकतो, पण त्याची चूक पकडता येते. हरमान होफले या एसएस (नाझींचे सशस्त्र दल) अधिकाऱ्याची ११ जानेवारी १९४३ची तार ब्रिटिशांनी बिनतारी संदेशांतून टिपली होती. ती अभ्यासकांनी २००१मध्ये उजेडात आणली. तारेत १९४२ अखेरपर्यंत चार छावण्यांत आणलेल्यांची संख्या आहे: लुब्लिन २४,७३३, बेल्झेक ४,३४,५०८, सोबिबोर १,०१,३७० आणि त्रेब्लिंका ७१,३५५. खाली एकूण १२,७४,१६६. बेरीज करून पाहा, जुळत नाही. त्रेब्लिंकाच्या आकड्यातला एक ५ गळला आहे. तिथे ७,१३,५५५ घातले की शेवटच्या अंकापर्यंत जुळते. हीच एकूण संख्या एसएसचा प्रमुख हिमलर याच्यासाठी १९४३मध्ये तयार झालेल्या कोरहेर अहवालातही आहे. सुटा आकडा उचलणाऱ्याच्या हाती ७१ हजारच लागले असते.

आठवणीचे तंत्र निराळे. येल विद्यापीठाच्या साक्षसंग्रहात एका वृद्धेने ऑशविट्झमधील कैद्यांच्या उठावाबद्दल सांगितले, की चार धुराडी उडताना पाहिली. ७ ऑक्टोबर १९४४ला उद्ध्वस्त झाली ती एकच दाहभट्टी. काही इतिहासकारांनी साक्ष बाद ठरवली. मुलाखत घेणारे मनोविश्लेषक डोरी लाऊब म्हणाले, बाई धुराडी मोजत नव्हत्या, अशक्य ते घडले हे सांगत होत्या. आम्हाला वाटते दोन्ही टिपणे हवीत: धुराड्यांची संख्या कागदावरून घ्या, उठावाने कैद्यांच्या मनात काय हलले ते बाईंकडून. कोणती गोष्ट कुणाला विचारायची हे कळले नाही की भाबडेपणा तरी होतो नाही तर संहारच झाला नाही म्हणणारा नकार. (ज्या खानदेशात ज्यू शोधून सापडायचा नाही, तिथे ज्यूद्वेषाचा मजकूर इतका चालतो, याचाही कुणी अभ्यास करावा. कोकणात शनवार तेली म्हणून ज्यू शतकानुशतके सुखाने नांदले.)

सामूहिक स्मृतीची मांडणी फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मोरिस हाल्बवाक्स यांनी १९२५मध्ये केली. १९४५मध्ये ते स्वतः बुखेनवाल्ड छावणीत मेले. माणूस एकटा आठवत नाही, त्याचा समाज त्याला आठवायला लावतो, हा त्यांचा मुद्दा नंदुरबारला सहज पटेल. ९ सप्टेंबर १९४२ला गोळीबारात पडलेले शिरीषकुमार आणि त्यांचे चार साथी तिथे स्मारकामुळे आणि दरवर्षीच्या अभिवादनामुळे लोकांच्या मनात आहेत. आपल्याकडे महाविद्यालयीन प्रकल्पांसाठी बेचाळीसच्या किंवा जळगावच्या सिंधी कुटुंबांच्या फाळणीच्या आठवणी घ्यायच्या, तर पहिली पंधरा-वीस मिनिटे मध्ये बोलू नये, 'किती जण मेले?' असे आधीच विचारू नये; त्या प्रश्नाने माणूस ऐकीव आकडा सांगून मोकळा होतो. अहिराणीत सांगितले तर अहिराणीतच उतरवावे. घरी आणून प्रमाण मराठीत 'शुद्ध' केलेली साक्ष पुढच्या अभ्यासकाच्या कामाची राहत नाही. मूळ ध्वनिमुद्रण न कापता दोन ठिकाणी ठेवावे. तारखा आणि संख्या वेगळ्या वहीत काढून त्या वेळच्या दप्तराशी ताडून पाहाव्यात.

आपल्या वृत्तपत्राला विनंती एवढीच, की अशा संहारांविषयी मजकूर छापताना आकड्यापुढे तो कुणी, केव्हा आणि कशावरून मोजला हे एका ओळीत द्यावे.

— इतिहासाचे काही अध्यापक, धुळे-जळगाव