जुन्या गाडीची टिकटिक टॅपेटचीच असेल असं नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतल्या काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सी बंद झाल्या तेव्हा सगळीकडे फोटो आले, लोक हळहळले, पण त्या इंजिनावर हात बसलेले मिस्त्रीपण कमी होत चाललेत त्याबद्दल फारसं कोणी बोललं नाही. घरची जुनी फियाट (म्हणजे तीच पद्मिनी) जपणाऱ्या आमच्यासारख्यांना ते आता जाणवतंय.

सकाळी थंड गाडी चालू केली की टिकटिक आवाज येतो आणि जरा गरम झाली की गायब. माझ्या गाडीचे गॅरेजवाल्याने टॅपेट (इंजिनातले व्हॉल्व्ह ढकलणारे भाग) सेट केले, पैसे घेतले, आवाज तसाच. होता तो एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा, म्हणजे इंजिनातला धूर गोळा करून सायलेन्सरकडे नेणाऱ्या बिडाच्या भागाचा लीक! बीड तापून फुगतं, फट बुजते, म्हणून आवाज जातो, लीक काही कायमचा जात नाही. ओळखायला सोपं आहे, गॅस्केटच्या (जोडात बसवलेल्या पातळ पट्टीच्या) कडेला काळी काजळी दिसते, नाहीतर रबरी पाइपाचं एक टोक कानाला लावून दुसरं जॉइंटच्या कडेने फिरवायचं (फॅनपासून लांब), जिथे लीक तिथे फटफट स्पष्ट ऐकू येते.

यावर सायलेन्सर पेस्ट थापून देणारे खूप आहेत, ती थोडे दिवस टिकते आणि गळून पडते. नीट काम करायचं तर नटांवर आदल्या रात्रीच गंज सोडवणारं तेल मारून ठेवायचं, आणि नट अडला तर जोर न लावता थोडा मागे थोडा पुढे करत काढायचा, कारण स्टड (नट ज्यावर बसतो तो आट्यांचा दांडा) इंजिनाच्या हेडमध्ये तुटला की ड्रिल करून काढावा लागतो आणि खर्च कुठच्या कुठे जातो. जुन्या गॅस्केटमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून कोरडं खरवडू नका, ओलं करून काढा, हवा तर अजिबात मारू नका. मग सरळ पट्टी आणि फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) लावून मॅनिफोल्डचा फेस, म्हणजे इंजिनाला टेकणारी बाजू, सपाट आहे का बघायचा. ही पायरी बरेच जण गाळतात आणि वाकड्या फेसवर नवीन गॅस्केट चढवतात, मग महिन्याभरात परत तेच. वाकडा असेल तर मशीन शॉपमधून फेस मारून (घासून सपाट करून) घ्या. नट पितळेचे वापरले तर पुढच्या वेळी जाम होत नाहीत. आवळताना मधून सुरुवात करून बाहेरच्या टोकांकडे, टप्प्याटप्प्याने, आणि गाडी एकदा तापून पूर्ण थंड झाली की नट परत आवळून बघायचे.

पावसात हिंदमातासारख्या ठिकाणी साचलेल्या पाण्यातून गाडी घालू नका, तापलेल्या बीडावर गार पाणी उडालं की तडा जाऊ शकतो.

मला खरी काळजी आहे ती गॅसची. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, आणि सिग्नलला गाडी उभी असताना बॉनेटखालून, जुनी रबरं गेलेल्या भोकांतून तो आत येऊ शकतो, डोकं जड होतं, गरगरतं, आणि मागे मुलं बसलेली असतात. पीयूसीवर भरवसा ठेवू नका, तिथे नळी मागे सायलेन्सरमध्ये घालतात आणि लीकमधून बाहेरची हवा आत ओढली गेली तर रीडिंग उलट कमीच दिसतं.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत जुन्या मिस्त्रींना बोलतं करून ही कामं एकेक करून छापाल का? ऑपेरा हाऊसला पार्ट अजून शोधून मिळतो, तो बसवायचा कसा हे सांगणारा मिळत नाही.

आपला,
एक वाचक, दादर