परवाना निवडताना लायब्ररीचाही विचार व्हावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अभियांत्रिकीचे अनेक विद्यार्थी आपले सॉफ्टवेअर प्रकल्प ओपन सोर्स म्हणून, म्हणजे कोड सर्वांना वापरता व बदलता येईल असे, खुले करतात, याचे एक अध्यापक म्हणून मला समाधान वाटते. मात्र प्रकल्पाला जीपीएल हा ओपन सोर्स परवाना लावायचा आणि तोच प्रोग्राम एखाद्या कंपनीच्या बंदिस्त (खुला परवाना नसलेल्या) लायब्ररीशी, म्हणजे तयार कोडच्या संचाशी, लिंक करायचा (जोडायचा), असे वारंवार घडताना दिसते.

जीपीएलखालील प्रोग्राम दुसऱ्याला देताना त्याचा संपूर्ण सोर्स कोड (प्रोग्रामरने लिहिलेला मूळ कोड) त्याच अटींवर द्यावा लागतो, आणि हा परवाना तयार करणाऱ्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या मते लिंक केलेली लायब्ररीही त्या संपूर्ण प्रोग्राममध्येच मोडते. ऑपरेटिंग सिस्टिमच्या मूलभूत लायब्ररींना परवान्यातच सवलत आहे. इतर बंदिस्त लायब्ररींना ती नाही. मूळ लेखक स्वतःच्या कोडचा मालक असल्याने त्याला कोणी अडवत नाही. अडचणीत येतो तो प्रोग्रामच्या प्रती पुढे वाटणारा, कारण लायब्ररीचा कोड त्याच्या हाती नसल्याने त्याला ती अट पाळताच येत नाही.

केडीई या डेस्कटॉपच्या (संगणकाच्या पडद्यावरील खिडक्या, मेनू वगैरे पुरवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) बाबतीत असाच पेच निर्माण झाला. मॅथियास एट्रिख यांनी १९९६ मध्ये सुरू केलेला हा प्रकल्प नॉर्वेच्या ट्रोलटेक कंपनीच्या क्यूट लायब्ररीवर उभा होता. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर ती मोफत वापरता येत असली, तरी तिचा परवाना जीपीएलशी जुळणारा नव्हता, म्हणून लिनक्स व त्यावरील प्रोग्राम एकत्र करून वाटणाऱ्या डेबियन या प्रकल्पाने १९९८ मध्ये केडीईचे वितरण थांबवले. केडीईच्या लेखकांना आपल्या कोडपुरती क्यूटशी लिंक करण्याची जादा परवानगी लिहून देता आली असती. परंतु त्यांच्या काही प्रोग्राममध्ये इतरांचा जीपीएल कोड घेतलेला होता आणि त्याची परवानगी त्या इतरांनीच द्यायची होती. अखेर २००० मध्ये ट्रोलटेकने क्यूट जीपीएलखालीही उपलब्ध करून दिली, तेव्हा हा तिढा सुटला. तोवर मुख्यतः क्यूटच्या परवान्याच्या कारणासाठी ग्नोम हा स्वतंत्र डेस्कटॉप उभारण्याचे काम सुरू होऊन तीन वर्षे झाली होती.

यावरील उपाय सोपा आहे, पण तो वेळेत व्हायला हवा. अमुक लायब्ररीशी लिंक करून वाटण्यास आमची परवानगी आहे, असे कलम पहिल्याच दिवशी परवान्याला जोडावे. कारण पन्नास जणांचा कोड प्रकल्पात आल्यावर त्या प्रत्येकाची संमती मिळवावी लागते, आणि त्यांतील काहींचा ठावठिकाणाही लागत नाही. दुसऱ्याचा जीपीएल कोड घेतला असेल, तर तेवढ्यानेही भागत नाही. अशा वेळी खुली पर्यायी लायब्ररी शोधणे हाच प्रामाणिक मार्ग होय.

प्रकल्प स्वीकारताना मार्गदर्शकांनी लिंक केलेल्या प्रत्येक लायब्ररीचे नाव आणि परवाना लेखी मागावा. केंद्र सरकारने २०१५ मध्ये ओपन सोर्सला प्राधान्य देणारे धोरण आणले आहे. तेव्हा सॉफ्टवेअर तयार करून घेणाऱ्या सरकारी खात्यांनीही निविदेतच ही यादी बंधनकारक करावी, अशी माझी विनंती आहे.

आपला विश्वासू,
संगणकशास्त्राचा एक अध्यापक, पुणे