गार इंजिनवर हात ठेवणाऱ्या काकांना

काका, तुम्ही हे वाचाल की नाही माहीत नाही, तुमचा मुलगा कदाचित वाचून दाखवेल. त्या दिवशी नुसतं "थँक्यू काका" म्हणून निघाले, नीट बोलताच आलं नाही, कारण खरं सांगायचं तर रडू येत होतं. बाईकसाठी कोण रडतं! पण तीन महिने रोज सकाळी तेच चाललेलं, चोक (गार गाडीला जास्त पेट्रोल पाजणारा खटका) ओढला की गाडी चालू, चोक आत ढकलला की फट्ट करून बंद, मग सिग्नलला एका हाताने रेस धरून उभं राहायचं आणि मागून हॉर्न.

तुमच्याआधी तीन मेकॅनिककडे जाऊन आले. पहिल्याने ठिणगी पाडणारा प्लग काढला, काळाकुट्ट होता, म्हणाला गाडी पेट्रोल जास्त खातेय, आणि मिक्श्चरचा, म्हणजे पेट्रोल-हवेचं प्रमाण ठरवणारा, स्क्रू आत पिळला. दुसऱ्यानेही काळा प्लग बघून अजून पिळला, वर आयडल, म्हणजे रेस न देता इंजिन फिरतं तो वेग, वाढवून दिला की झालं काम, म्हणजे उभी गाडी किंचाळतेय आणि हा म्हणतो "बघा, बंद पडत नाही आता". तिसरा तर ग्रेटच. दुपारी तापलेल्या गाडीला बटण मारलं, रेस देतच एक चक्कर मारून आला आणि म्हणे, "मॅडम, गाडीत काही नाही, तुम्हाला चोक वापरता येत नाही." नाहीतर नवीन कार्बोरेटर (पेट्रोल-हवा मिसळून इंजिनला देणारा भाग) टाका. एवढं ऐकून घरी आले तेव्हा मलाही वाटायला लागलं की माझंच काहीतरी चुकतंय.

तुम्ही मात्र पाना हातात घ्यायच्या आधी विचारलंत, "चोक किती वेळ ओढून चालवता?" मी म्हटलं जवळजवळ पूर्ण रस्ताभर. तुम्ही हसलात. मग प्लग काळा होणारच ना, म्हणालात, पेट्रोल कार्बोरेटर नाही, तो चोक जास्त पाजतोय, आणि तो ओढावा लागतोय म्हणजे मुळात पेट्रोल कमी पडतंय. म्हणजे आजार एक आणि औषध बरोब्बर उलटं! माझ्या गाडीत तो स्क्रू इंजिनच्या बाजूला आहे, आत पिळला की पेट्रोल कमी होतं (फिल्टरच्या बाजूला असला तर उलटं, हे पण तुम्हीच सांगितलंत), म्हणजे त्या दोघांनी उपाशी गाडीला अजून उपाशी ठेवलं आणि मी चोक अजून जास्त ओढत बसले.

पण मला आठवतं ते हे नाही. तुम्ही म्हणालात गाडी आज इथेच राहू दे, गारठल्याशिवाय गार गाडीचं दुखणं कसं दिसणार. दुसऱ्या दिवशी सकाळी आले तर तुम्ही बटणाला हातही लावला नव्हता, माझी वाट बघत थांबलेलात. इंजिनवर तळहात ठेवलात, आपण पोराच्या कपाळावर ठेवतो ना तसा, आणि म्हणालात, "गार आहे. आता तुम्हीच चालू करा ताई, रोज करता तशीच." आणि बाजूला उकिडवे बसून मान तिरकी करून नुसतं ऐकत राहिलात. कोणी माझी तक्रार खरी धरून तिची वाट बघितली, हे तीन महिन्यांत पहिल्यांदा झालं. डॉक्टर असो, दुकानदार असो, समोरच्याचं पूर्ण ऐकून घेणारी माणसं भेटतात तरी किती हो?

बाकी काम तसं पटकन झालं. कार्बोरेटर आणि इंजिनच्या मधल्या रबरावर तुम्ही स्प्रे मारलात तसा इंजिनचा आवाज बदलला, रबर काढलं तर खालून चीर, वरून बघणाऱ्याला दिसणारच नाही अशी. आयडलला थ्रॉटल (रेस दिली की उघडणारी हवेची झडप) बंद असतो, इंजिन जोरात ओढत असतं, मग त्या चिरेतून फुकटची हवा आत. पेट्रोलच्या 1 भागाला वजनाने साधारण 14.7 भाग हवा लागते, इथे त्याच्यावर किती जात होती देव जाणे! रेस दिली की त्या चिरेची हवा एकूण हवेत किरकोळ ठरते, म्हणून चक्कर मारून येणाऱ्याला गाडी ठणठणीत. पायलट जेटही (कार्बोरेटरमधलं आयडलच्या पेट्रोलचं बारीक तोंड) काढलात, त्या केसाएवढ्या भोकात कोणीतरी तार घालून ते मोठं केलेलं, ते बघून तुम्ही ज्या शिव्या दिल्यात त्या इथे लिहीत नाही, पण मला फार बरं वाटलं.

आता सकाळी चोक ओढते, मिनिटभराने आत ढकलते, आणि अजूनही श्वास रोखून धरते. गाडी चालूच राहते.

एअर फिल्टर बघायला पुढच्या आठवड्यात येते. गाडी ढकलत आणेन, गारच हवी ना तुम्हाला.