मॅकमिलनला घेऊ का, विचारलंस म्हणून

एडिसन, न्यू जर्सी
१७ ऑगस्ट २०२५

प्रिय बंड्या,
सप्रेम नमस्कार.

"ऑफिसात सगळे मॅकमिलन मॅकमिलन करतायत, मी त्याला घेऊ का?" असा तुझा मेसेज आला. हो किंवा नाही एवढं कळवून मोकळा झालो असतो. पण तू पहिल्यांदाच फँटसी लीगमध्ये उतरतोयस, म्हणजे खऱ्या खेळाडूंची कागदावर टीम करून त्यांच्या मैदानावरच्या कामगिरीचे गुण मोजायच्या खेळात. तेही शार्लटमध्ये, पँथर्स या अमेरिकन फुटबॉल टीमच्या अंगणात. आणि मॅकमिलन त्यांचाच नवा रिसीव्हर, म्हणजे फेकलेला चेंडू झेलणारा. मी बारा वर्षं या खेळावर जीव लावून आहे. म्हणून आज सकाळीच लिहायला बसलो. चहा करून घे आणि मग वाच.

आधी हिशेब बघ. तुमच्या लीगमध्ये प्रत्येक कॅचला १ गुण, दर १० यार्डांना १ गुण आणि टचडाउनला, म्हणजे चेंडू समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपार नेला की, ६. झेल एका हाताने घेतला की हवेत आडवं होऊन, याला इथे किंमत नाही. म्हणून नवा रिसीव्हर जोखताना मी पहिला प्रश्न विचारतो तो असा: क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा, याच्याकडे चेंडू किती वेळा फेकणार? त्यालाच टार्गेट म्हणतात. पोरगा किती गुणी आहे हे त्यानंतर.

हे मी गेल्या वर्षी फार महाग पडून शिकलो. एनएफएलच्या ड्राफ्टमध्ये टीम आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात. २०२४ च्या रुकींमध्ये, म्हणजे पहिल्या वर्षाच्या पोरांत, मार्व्हिन हॅरिसन ज्युनियर चौथ्या क्रमांकावर ॲरिझोना कार्डिनल्सकडे गेला, मलिक नेबर्स सहाव्यावर आमच्या जायंट्सकडे आणि ब्रायन थॉमस ज्युनियर तेविसाव्यावर जॅक्सनव्हिलकडे. आमच्या फँटसी लीगचाही असाच ड्राफ्ट असतो, त्यात मी दुसऱ्याच फेरीत हॅरिसनला उचललं. वडील हॉल ऑफ फेममधले, कॉलेजातलं काम देखणं. घेताना कार्डिनल्सचं चित्र मात्र मी नीट पाहिलं नाही. तिथे ट्रे मॅकब्राइड नावाचा टाइट एंड (अडवायचंही काम करतो आणि झेलही घेतो) होता, त्याने त्या मोसमात १११ कॅच घेतले. हॅरिसनच्या वाट्याला ११६ टार्गेट आले, त्यातून ६२ कॅच, ८८५ यार्ड आणि ८ टचडाउन. रुकीसाठी हे वाईट मुळीच नाही. पण नेबर्स बघ. जायंट्स १७ पैकी १४ सामने हरले, मोसमात चार क्वार्टरबॅक झाले आणि तरी या पोराकडे १५ सामन्यांत १७० वेळा चेंडू फेकला गेला. १०९ कॅच, १२०४ यार्ड. कारण त्या टीमला दुसरा आधारच नव्हता. थॉमसने तर १२८२ यार्ड आणि १० टचडाउन केले. गुणांची बेरीज तूच करून बघ: हॅरिसनचे दोनशेला जरा कमी, बाकी दोघांचे २७० च्या वर. घरापासून अर्ध्या तासावर नेबर्स खेळत होता आणि तो दुसऱ्याच्या टीममध्ये होता, हे मला अजून लागतं.

आता तुझ्या माणसाकडे येतो. टेटायरोआ मॅकमिलन, हवाईतल्या वाइमानालोचा. पुढे कॅलिफोर्नियात शाळा, मग ॲरिझोना विद्यापीठ. उंची सहा फूट चार इंच. शाळेत व्हॉलीबॉल खेळायचा, आणि ते त्याच्या खेळात दिसतं: उडी केव्हा घ्यायची, हात शेवटच्या क्षणापर्यंत कसे लपवायचे, हे त्याला कुणी शिकवावं लागत नाही. कॉलेजच्या तीन वर्षांत २१३ कॅच, ३४२३ यार्ड, २६ टचडाउन. यात मला आवडलं ते सातत्य. दुसऱ्या वर्षी १४०२ यार्ड आणि तिसऱ्या वर्षी टीम पार ढेपाळलेली असताना, समोरचे सगळे त्याच्यावरच डोळा ठेवून असताना, १३१९. त्या शेवटच्या मोसमाच्या पहिल्या सामन्यात न्यू मेक्सिकोविरुद्ध १० कॅच, ३०४ यार्ड आणि ४ टचडाउन. तो सामना मिळाला तर जरूर बघ. एवढ्या उंच पोराची पावलं झेलानंतर इतकी हलकी पडतात, की मी मागे नेऊन पुन्हा पुन्हा पाहिलं.

शंका एकच आहे आणि ती खरी आहे. तो सुसाट पळणारा नाही. कॉलेजात उंचीच्या जोरावर जे झेल काढले, ते इथे कॉर्नरबॅक, म्हणजे रिसीव्हरला अडवणारा, अंगाला चिकटून असताना काढायचे आहेत. त्यासाठी मी त्याच्याच बांध्याचा जुना दाखला बघतो: ड्रेक लंडन. २०२२ मध्ये आठव्याच क्रमांकावर अटलांटाकडे गेला, मॅकमिलनही आठवाच. पहिल्या वर्षी लंडनचे ७२ कॅच, ८६६ यार्ड आणि फक्त ४ टचडाउन. त्याच लंडनने २०२४ मध्ये १०० कॅच आणि १२७१ यार्ड केले. पहिल्या वर्षी त्याच्या हातांत काही कमी नव्हतं. तेव्हा अटलांटा चेंडू फेकतच नव्हती, नुसती तो घेऊन पळत होती.

म्हणून पँथर्सकडे बघताना मी तेवढंच तपासतो, आणि इथे माझं मन बरंचसं स्थिर होतं. त्यांचा जुना रिसीव्हर ॲडम थीलन या आठवड्यात ३५ वर्षांचा होतोय. दुसऱ्या रिसीव्हरने, झेव्हियर लेगेटने, गेल्या वर्षी ४९ कॅचवर मोसम संपवला. म्हणजे पहिल्या क्रमांकाची खुर्ची रिकामीच आहे. कोच डेव्ह कनालेस २०२३ मध्ये टँपा बेचं आक्रमण चालवत होते, तेव्हा उंचपुऱ्या माइक इव्हान्सने १२५५ यार्ड आणि १३ टचडाउन केले. उंच रिसीव्हरला चेंडू कुठे द्यायचा हे या माणसाला माहीत आहे. शिवाय पँथर्सच्या डिफेन्सने गेल्या मोसमात ५३४ गुण दिले, एनएफएलच्या इतिहासात एका मोसमातले सगळ्यात जास्त. यंदा डिफेन्स सुधारेलही, पण मागे पडलेली टीम फेकतच राहते आणि फँटसीवाल्याला तेच हवं असतं. तुझ्या शेजाऱ्यांना हे सांगू नकोस, त्यांच्या जिव्हारी लागेल.

राहिला पँथर्सचा क्वार्टरबॅक ब्राइस यंग. गेल्या सप्टेंबरात दोनच सामन्यांनंतर त्याला बाकावर बसवलं होतं. पण परत आल्यावरचा यंग वेगळा होता. अटलांटातला शेवटचा सामना आठव, ४४-३८: फेकून तीन टचडाउन, पळून दोन. त्या दिवसाच्या यंगवर माझा विश्वास आहे. सगळ्या मांडणीत सगळ्यात मोठी जोखीमही तोच आहे, हे तुला सांगितलंच पाहिजे.

तर घे, पण पाचव्या फेरीच्या आसपास. त्याआधी कुणी उचललं तर जाऊ दे. आणि त्याला तुझा पहिला रिसीव्हर करू नकोस. तिसरा करून ठेवलास तर झोप लागेल. आधी दोन मुरलेले घे.

एक गोष्ट मात्र माझ्यासाठी कर. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत त्याला सोडून देऊ नकोस. २०२० मध्ये रुकी जस्टिन जेफरसनने पहिल्या दोन सामन्यांत मिळून ७० यार्ड केले आणि तिसऱ्यात एकट्याने १७५. मोसमाअखेर १४००. गेल्या वर्षी हॅरिसनने पहिल्या सामन्यात एक कॅच, ४ यार्ड केले, म्हणून मी त्याला दुसऱ्या आठवड्यात बसवलं. त्या दिवशी त्याने पहिल्याच क्वार्टरमध्ये १३० यार्ड आणि दोन टचडाउन मारले. ते गुण माझ्या बेंचवर पडून राहिले आणि मी तो सामना सहा गुणांनी हरलो. तू गुणांकडे बघू नकोस, टार्गेट मोज. रविवारी रात्री एवढंच लिहून ठेव: त्याच्याकडे किती वेळा फेकलं. सात-आठ वेळा फेकत असतील आणि हाती काही येत नसेल, तर थांब. तीनच वेळा फेकत असतील, तर मला फोन कर.

याउलटही होतं, तेही लक्षात असू दे. २०२३ मध्ये पुका नाकुआ नावाचा रिसीव्हर एनएफएल ड्राफ्टच्या पाचव्या फेरीत, १७७ वा निवडला गेला होता. टीमचा मुख्य रिसीव्हर कूपर कप जखमी म्हणून त्याला जागा मिळाली. पहिल्या सामन्यात १५ टार्गेट, दुसऱ्यात २०. मोसमाअखेर १०५ कॅच आणि १४८६ यार्ड, दोन्ही तेव्हाचे रुकींचे विक्रम. असा कुणी पहिल्या रविवारी दिसला, तर मंगळवारची वाट न बघता त्याच रात्री मागणी टाक.

पँथर्सचा पहिला सामना ७ सप्टेंबरला जॅक्सनव्हिलमध्ये आहे. म्हणजे अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी. आदल्या दिवशी विसर्जनाला तुमच्याकडे बरीच मंडळी येतात ना? मग सकाळी उशिरा ऊठ, पण दुपारी एकच्या आत त्याला लायनअपमध्ये घातलंयस ना, हे तपास.

तुमचा ड्राफ्ट कधी आहे ते कळव. त्या रात्री मी फोन जवळ ठेवून बसेन. वहिनींना नमस्कार सांग, छोटीला आशीर्वाद.

तुझा,
नाना